मदत हवी आहे: मासेमारीसाठी सेंटरपिन रीळ आणि रॉड कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी कॅनडात, ब्रँटफर्डला राहतो. शरद ऋतूत लेक ईरीतून ग्रँड नदीत स्टीलहेड (तळ्यातून नदीत येणारे रेनबो ट्राउट मासे) चढतात, त्यांच्यासाठी यंदा सेंटरपिनवर यायचंय. स्पिनिंग (स्थिर स्पूलच्या) रीळवर फ्लोट (पाण्यावर तरंगणारा खुणेचा तुकडा) सोडला की तंगूस (गळाचा दोरा) वेटोळ्यांतून अडखळत सुटतो, फ्लोट मागे ओढला जातो आणि खालचं आमिष उचललं जातं. सेंटरपिनचा स्पूल (दोरा गुंडाळायची चक्री) बेअरिंगवर नुसत्या प्रवाहाच्या ओढीने फिरतो, हे नदीवर एका काकांच्या हातात पाहिलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही! ड्रॅग (रीळमधला ब्रेक) नाहीच, मासा पळाला की स्पूलच्या कडेवर अंगठा दाबायचा. बोटं सोलून निघतात म्हणे.

बजेट दोन्ही मिळून ५०० कॅनेडियन डॉलर, फार तर थोडं वर. रीळमध्ये ओकुमा अव्हेंटा डोळ्यासमोर आहे. साडेचार इंची घ्यावं की पाच इंची? मोठ्या स्पूलवर तंगूस भराभर गुंडाळला जातो, पण हलक्या फ्लोटला तो स्पूल फिरवायला जड जातो का?

खरा घोळ रॉडचा आहे. १३ फुटी की १५ फुटी? लांब रॉडने तंगूस पाण्यावरून उचलून धरता येतो हे पटतं, पण माझ्या आवडत्या जागी डोक्यावर झाडं आहेत. शिवाय रीळ सरकत्या कड्यांनी बसवायचं की पक्क्या सीटवर? थंडीत कडी ढिली होतात का?

सेकंडहँड घेताना स्पूलमध्ये काय तपासावं, तेही सांगा.