सक्तीचे तास आणि शिक्षक

शाळेतल्या मुलांना समाजसेवेचे तास सक्तीचे केले की 'तास भरायचे, सही घ्यायची, मोकळं व्हायचं, यात कसली आलीय सेवा' असं म्हटलं जातं, ते मला अर्धं पटतं. शिक्षक नुसता सही करायला उभा राहिला तर तसंच होतं. मी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात शिकवते. इथे सरकारी शाळेतून बारावी पूर्ण करायची तर सेवेचे ७५ तास किंवा जिल्ह्याने आखलेला कार्यक्रम सक्तीचा आहे. राज्याच्या शिक्षण मंडळाने १९९२ साली हा नियम केला. पण कामाआधीची तयारी आणि कामानंतरची चर्चा हेही त्यातच धरलंय, आणि शिक्षकाने स्वतः काम केलेलं नसेल तर ती चर्चा कोरडी होते.

आम्ही फूड बँकेत, म्हणजे दानात आलेलं अन्न गरजूंना देणाऱ्या संस्थेत, जातो तेव्हा मी मुलांच्याच टेबलावर दानातले बंद डबे निवडायला उभी राहते. डब्याला मधे हलका पोचा असेल तर चालतो; कडेच्या जोडावर असेल किंवा डबा फुगला असेल तर बाद. बाळाच्या दुधाच्या पावडरीची तारीख उलटली असेल तर सरळ फेकायची. वर्गात कधीच न बोलणारा एक मुलगा तशीच एक पावडर हातात धरून चिडून म्हणाला, "स्वतःच्या बाळाला दिली असती का यांनी?" पुढचा अख्खा तास वर्गात त्यावरच गेला. मग शाळेतल्या दानाच्या खोक्यावर मुलांनी आपणहून यादी चिकटवली: तेल, पीनट बटर, डायपर, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत 'तारीख बघून टाका'.