मदत हवी आहे : घोडीच्या गुडघ्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, पुढे काय?

नमस्कार मंडळी. रेसमधून निवृत्त झालेली थरोब्रेड घोडी आहे, वय 7. पुढच्या उजव्या गुडघ्यात हाडाचा कपचा सुटला होता. दुर्बिणीतून तो काढला आणि खालची खराब झालेली कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण) हाडापर्यंत खरवडली. टाके निघाले, जखमा छान बुजल्या. बाहेरून बघणाऱ्याला काही झालंय असं वाटणारही नाही, आणि अडचण तिथेच आहे.

कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, म्हणून ती स्वतःहून नीट भरत नाही. हाड उघडं केल्यावर मज्जेतल्या पेशी येऊन खड्डा भरतात, पण तयार होते ती तंतुमय कूर्चा. मूळच्या गुळगुळीत कूर्चेइतकी ती दणकट नसते आणि पक्की व्हायला महिने लागतात. एवढं डॉक्टरांनी समजावलं. घोडीला कोण समजावणार! तबेल्यात दाराला लाथा घालते. मोतद्दार हातात धरून सपाट जमिनीवर चालवतो, तेव्हा लंगडत नाही. मात्र संध्याकाळी गुडघ्याच्या पुढच्या बाजूला मऊ फुगवटा येतो. दाबला तर बोटाखाली पाणी सरकतं. गरम लागत नाही, सकाळी बराच ओसरतो.

ज्यांची जनावरं यातून गेलीत त्यांनी सांगा : असा फुगवटा किती काळ राहिला? दुडकी कधी सुरू केलीत, मऊ मातीवर की वाळूत? हायल्युरॉनिक ॲसिड (सांध्यातल्या वंगणाचा घटक) किंवा पीआरपीच्या (जनावराच्याच रक्तातून काढलेल्या, प्लेटलेट्स जास्त असलेल्या द्रवाच्या) इंजेक्शनने खरंच फरक पडला का? तिला पुन्हा पळवायचं नाहीये, मुलांना बसवून रपेट झाली तरी पुरे. आमच्या डॉक्टरांना दाखवणारच आहे. तेल-लेपाचे उपाय कृपया नकोत.