दर्यात गेलेल्यांची नावं कशी शोधायची? (महायुद्धातले खलाशी)

पेटीतली_नळी: पेटी आवरताना पत्र्याची नळी निघाली, आजीच्या भावाची. आतल्या डिस्चार्ज बुकात (खलाशाच्या नोकरीची नोंदवही) शेवटचा शिक्का 1940 चा. "बोट बुडाली", पुढे काही नाही. कोणी अशी नावं शोधली असतील तर लिहा.

बंदररोड: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात गेलेल्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइटवर जा. आडनाव टाकू नका, बहुतेकांचं नसतंच, आणि इब्राहिम पाच स्पेलिंगांत सापडतो. बोट बुडाली ती तारीख टाका, पुढे-मागे एक दिवस धरून. दल मर्चंट नेव्ही, भारतीय. बोटीपुढे कंसात ग्लासगो, लंडन असं दिसतं ते बोटीच्या नोंदणीचं बंदर. माणसाचं गाव समजू नका!

खाडीपलीकडे: हुद्दाही बघा. यादीत फायरमन म्हणजे आपला आगवाला, ट्रिमर म्हणजे कोलवाला. दोघं खाली यंत्रघरात, टॉर्पेडो तिथं लागला की जिना चढायला वेळच नाही.

पेटीतली_नळी: सिटी ऑफ बनारस असावी असं वाटतंय.

बंदररोड: मग 17 सप्टेंबर 1940. अटलांटिक, रात्री दहाचा सुमार, यू-48 या जर्मन पाणबुडीने बुडवली. वादळात होड्या सोडताना कलंडल्या, काही पाण्याने भरल्या. पुष्कळ जण होडीत पोचूनही गारठून गेले. 12 नंबरची होडी आठव्या दिवशी सापडली, तीत आपले खलाशी बरेच. युद्धापासून दूर कॅनडाला पाठवलेली 90 ब्रिटिश मुलं बोटीवर होती, त्यांपैकी 77 गेली हे सगळीकडे छापलंय; खलाशी मात्र यादीत बसून मोजावे लागतात.

चहा_उकळतोय: घाईत लिहितेय. मुंबईत मशीद बंदरच्या सीमेन्स होममध्ये स्मारक आहे. दुसऱ्या युद्धातली सुमारे 6,500 नावं, तीच यादी चितगावलाही. पहिल्या युद्धाचं स्मारक वेगळं, गल्लत करू नका.

खाडीपलीकडे: खलाशांचे करारनामे लंडनला क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, बीटी 381 या संचात. बोटीच्या नावाने मागू नका, बोटीच्या अधिकृत नोंदणी क्रमांकाने लावलेत. क्रमांक लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या वार्षिक यादीच्या जुन्या अंकात मिळतो.

दीवकर: महायुद्धातली नाही, पण आपल्या नौदलाच्या आयएनएस खुकरीचं कोणी लिहिलं नाही? 9 डिसेंबर 1971 ला बुडाली, 18 अधिकारी, 176 नौसैनिक गेले. दीवला काचेत बोटीची प्रतिकृती आहे. दुपारी फोटो काढू नका, काचेत तुम्हीच दिसता 😄

पेटीतली_नळी: बुकाची पानं गुंडाळून कडक झालीत, उलगडू का?

कागदवाली: अजिबात ओढू नका, घडीवर तडकतात. झाकणाच्या डब्यात तळाला ओला स्पंज, वर जाळी, जाळीवर बुक. पाण्याचा स्पर्श नको. दोन-तीन तासांनी नरम पडलं की टीपकागदात घालून वजन ठेवा. रात्रभर डब्यात राहिलं तर बुरशी. आणि जांभळा शिक्का ओला झाला की पसरतो, तारीख गेलीच समजा. आधी फोटो काढा.

चहा_उकळतोय: टीपकागद मिळतो अजून?

कागदवाली: चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात. पांढराच घ्या, गुलाबी रंग सोडतो.