वय ५७, अंगणवाडी सेविका. मोबाइलच्या कामाने झोप उडाली आहे, हे वयामुळे का?

घाटमाथा_ताई
नमस्कार. २९ वर्षं अंगणवाडी चालवते. कुठल्या घरात सून सातव्या महिन्यात आहे, कुणाच्या पोराचं वजन पावसाळ्यात उतरतं, हे मी वही न उघडता सांगते. माझी रजिस्टरं कधी उशिरा गेली नाहीत.

पण हल्ली केंद्राचं कुलूप काढतानाच छातीत धडधडतं. टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा पोषण आहार, वाटताना आईचा चेहरा मोबाइलवर पडताळायचा. त्याआधी आधारची केवायसी. तिचा ओटीपी जातो नवऱ्याच्या नंबरवर, आणि नवरा पनवेलला कामाला. आई कडेवर लेकरू घेऊन दारात उभी, मी त्याला फोन लावतेय. तो उचलून आकडे सांगेपर्यंत वेळ संपते. रेंजसाठी देवळामागच्या कट्ट्यावर जाते, तोवर पोरं मदतनीसबाईंवर.

गेल्या महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, "ताई, झेपत नसेल तर राजीनामा द्या." त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही. रात्री तीनला जाग येते. माहिती सेव्ह झाली होती का, एवढंच डोक्यात फिरतं. बीपीची गोळी सुरू झाली आहे. राजीनाम्याचा कागद लिहून ठेवलाय. माझ्या वयाच्या बाकीच्यांना असं होतं का?

बीटमधली_धाकटी
ताई, मी ३१ वर्षांची सेविका. मला अ‍ॅप येतं, म्हणून बीटमधल्या, म्हणजे आमच्या केंद्रांच्या गटातल्या, सहा जणींचं काम माझ्याकडे येतं. रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज, आजचे फोटो टाका. २०२४ ला लाडकी बहीणचे फॉर्म भरत होतो, तेव्हा माझा मुलगा ताप अंगावर घेऊन शेजारी झोपलेला असायचा. मी त्याच्या कपाळाला हात लावायची आणि पुढचा फॉर्म उघडायची. तेव्हापासून मेसेजचा आवाज आला की पोटात गोळा येतो. म्हणून सांगते, हे नुसतं वयाचं नाही. आणि सॅममधल्या, म्हणजे तीव्र कुपोषित, बाळाच्या आईला दवाखान्यात जायला कसं तयार करायचं, हे मला तुमच्याच वयाच्या सेविकेने शिकवलं. ते कुठल्याही अ‍ॅपमध्ये नाही.

मनुष्यबळ_शिकवतो
या ताणाला 'टेक्नोस्ट्रेस' हे नाव १९८४ मध्ये क्रेग ब्रॉड या अमेरिकन मानसतज्ज्ञाने रूढ केलं. पुढे त्याचे पाच भाग पाडले गेले: कामाचा वाढलेला बोजा, घरात शिरलेलं काम, न समजणारी गुंतागुंत, नोकरीची धास्ती आणि सतत होणारे बदल. रघुनाथन आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात वय वाढतं तसा हा ताण कमी होताना दिसला. संगणकावरचा आत्मविश्वास वाढेल तसाही तो कमी होत होता. तो अभ्यास संगणक वापरणाऱ्या नोकरदारांचा होता, घाटमाथ्यावरच्या केंद्राचा नाही, हे मान्य. पण 'वय झालं म्हणून जमत नाही' हे गृहीत धरू नका. तुम्ही लिहिलेलं पुन्हा वाचा. रेंज नाही, ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर, चारचौघांत अपमान. यात तुमच्या वयाचा दोष कुठे आहे? ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, त्यात तरुण सेविकाही होत्याच.

पीएचसी_सिस्टर
वयाचा एक भाग खरा आहे ताई, तो डोळ्यांचा. चाळिशीचा नंबर शेवटचा कधी तपासलात? जुन्या नंबरने बारीक अक्षरं वाचली की चूक होते, डोकं दुखतं, आणि आपल्याला वाटतं बुद्धीच चालत नाही. मोबाइलच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून घ्या. पण पहाटेची जाग, धडधड, जेवण न जाणं हे अंगावर काढू नका. डॉक्टरांना बीपीसोबत हेही सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. राजीनाम्याचा निर्णय झोप नीट लागेपर्यंत घेऊ नका.

घाटमाथा_ताई
सगळ्यांचं वाचलं, दोनदा. चष्म्याचा नंबर चार वर्षं तपासलेला नव्हता. १४४१६ ला काल फोन केला. पलीकडच्या बाईंनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं, मी बराच वेळ रडले. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलायचं ठरलंय.

सात आयांना बाजारच्या दिवशी आधार केंद्रावर घेऊन जाणार आहे, स्वतःचा नंबर जोडायला. पुढच्या बैठकीत रेंजचं लेखी देणार, तारीखवार. धाकटी, तुझं पोर आता कसं आहे गं?