गर्दी नसलेला समुद्रकिनारा हवाय, उद्यापर्यंत ठरवायचंय

खानदेशी_वारा:
नमस्कार मंडळी. चार-पाच दिवसांची सुट्टी जमली आहे, समुद्र बघायचाय. अलिबाग, गणपतीपुळे, तारकर्ली सुचवू नका, तिथे यात्रा भरते. घोडागाडी, भेळेच्या गाड्या, बनाना राईड यांपैकी काही नको. (केळीच्या मुलखातून उठून केळ्यावर बसायला पैसे द्यायचे!) किनाऱ्याचं नाव आणि राहायची सोय, एवढंच सांगा.

भुसावळकर:
कोणता महिना? किती जण? गाडी की रेल्वे? निघणार कुठून? खानदेश नवापूरपासून बोदवडपर्यंत पसरलाय, तुम्ही नक्की कुठे आहात ते आम्हाला स्वप्नात दिसणार का?

खानदेशी_वारा:
जळगाव हो, आणखी कुठून. डिसेंबर. किनारा सांगा ना राव.

तापीकाठ:
जळगावकराने कोकणाकडे बघायचंच कशाला? धुळे, नवापूर, सोनगढ, व्यारा करत सरळ सुरत. पुढे डुमस. मुलताईला उगम पावलेली आपली तापी तिथे समुद्राला मिळते. हतनूरला जे पाणी बघतो तेच तिथे खारं झालेलं बघायचं. डुमसला गर्दी वाटली तर सुवाली आहे. वेळ असला तर खाली दांडी, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाचं.

दर्यावर्दी:
डुमसचं पाणी चहासारखं असतं हे पण सांगा की. खंभातच्या आखाताचा सगळा गाळ तिथे. आणि ओहोटी लागली की समुद्र शोधत चालत जावं लागतं. माझ्या मेव्हण्याने हौसेने गाडी ओल्या वाळूवर नेली. चाकं निम्मी आत गेली, भरती चढायला लागली, शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. सीटखालून अजून गाळ निघतो.

तापीकाठ:
मेव्हण्याने गाडी समुद्रात घातली यात डुमसचा काय दोष?

नंदुरबारी:
सुरतेला रेल्वेने जाणार असाल तर नवापूर स्टेशनवर उतरून बघाच. अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. एकाच बाकावर बसून नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या. आम्ही लग्नानंतर तिथे फोटो काढलाय.

सातपुडा_मित्र:
डिसेंबरात समुद्रावर घाम गाळण्यापेक्षा तोरणमाळला जा. यशवंत तलाव, सीताखाई, कडाक्याची थंडी. गर्दी नाही.

खानदेशी_वारा:
साहेब, समुद्र म्हटलंय. तोरणमाळला चार वेळा जाऊन आलोय.

सहल_प्रेमी:
दापोलीकडे केळशी, आडे, पाडले बघा. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती. आणि वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दिसतील, मुलांना फार आवडतं.

दर्यावर्दी:
डिसेंबरात कुठली पिल्लं? ऑलिव्ह रिडलेची अंडी त्या सुमारास घातली जात असतात, पिल्लं साधारण फेब्रुवारीपासून पुढे. उगाच मुलांना पहाटे उठवून नेतील बिचारे.

सहल_प्रेमी:
मी 'आत्ता' म्हटलं नव्हतं.

अमळनेरी:
भाऊ, संगे कोन कोन शेतस ते सांग पहिले. खावानं काय?

खानदेशी_वारा:
बायको, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्या नकोत. मासे खात नाहीत, वासही चालत नाही. बायकोला घाटात गाडी लागते म्हणून रेल्वेच. हे आधी लिहायला हवं होतं, मान्य.

भुसावळकर:
म्हणजे किनारा गुडघ्यांनी ठरवायचाय. पहिल्याच ओळीत लिहायचं ना.

आडिवरेकर:
आता बोलता येईल. खरं तर आमच्या भागातली नावं मी जाहीर सांगत नाही. एकदा एका ठिकाणी लिहिली, पुढच्या मे महिन्यात किनाऱ्यावर प्लास्टिकचे कप होते. पण सासूबाईंसाठी सांगतो.

निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला एक्स्प्रेस तुमच्याकडूनच जाते, ती थेट रत्नागिरीला सोडते. रिझर्वेशन आता साठच दिवस आधी उघडतं, तेव्हा आजच बघा. रत्नागिरीतून रिक्षा किंवा गाडी ठरवून भाट्ये, मग पावस. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या मठात दुपारी खिचडीचा प्रसाद असतो, सासूबाई तिथेच खूष होतील. मुक्कामाला गणेशगुळे, पावसहून जवळच आहे. घरगुती राहायची सोय मिळते, शाकाहारी हवं हे फोनवर आधीच ठणकावून सांगा. दुसऱ्या दिवशी पूर्णगडावरून गावखडी. तिथे सुरूचं बन रस्त्याला लागूनच आहे. सासूबाईंना सावलीत खुर्ची टाकून द्या, बाकीच्यांनी पाण्यात जा. पुढे कशेळीला कनकादित्याचं देऊळ. तिथली कड्याखालची देवघळी वरूनच बघा, उतरायचा हट्ट नको. मग आडिवऱ्याची महाकाली. एवढ्यात तुमचे दिवस संपतात.

एकच अट. पाण्यात उतरायचं ते स्थानिक माणसाला विचारून आणि भरतीची वेळ बघून. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती पूर्ण सहाच्या सुमाराला, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. मग प्रतिपदेपासून पुन्हा एक. पूर्ण भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी.

सहल_प्रेमी:
मोबाईलवर मिनिटागणिक वेळ दिसते हो, पंचांग कशाला?

आडिवरेकर:
दिसते, बघाच. पण आमची आजी मोबाईलशिवाय कालवं काढायला वेळेवर पोचायची.

तापीकाठ:
पावस-गणेशगुळे ठीक आहे. पण तापीचा संगम बघितला नाही तर काय बघितलं.

भुसावळकर:
तापीकाठ, तुम्ही एकदा सासूबाईंना घेऊन डुमसला जाऊन या आणि गाडी रुतली की धागा काढा.

खानदेशी_वारा:
आडिवरेकर, लाख आभार. मंगलाचं तिकीट काढलं, सध्या वेटिंग चौदा. एक विचारायचं राहिलं. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ सोबत आणलं तर घरमालकीणबाई भाकरी थापून देतील का? सासूबाईंना तांदळाची भाकरी म्हणजे उपास.

आडिवरेकर:
चूल देतील. थापणारं माणूस तुमच्याकडचं लागेल, कळणा आमच्या हाताला लागत नाही. आणि भरीत करणार असाल तर वांगी घेऊन या.

खानदेशी_वारा:
वांगी बामणोदची आणतो, जास्तीची आणतो. सासूबाई कालनिर्णय घेऊन बसल्यात. आम्ही पोचतो त्या दिवशी दशमी आहे. दहाचे पाऊणपट साडेसात, म्हणजे दुपारी दीडला ओहोटी. त्यांनी जेवणाची वेळ पण ठरवून टाकली.