राष्ट्रपतींना मत कोण देतं? मुलांना समजावताना आलेले अनुभव (सातारा-सांगली)

मंडळी, मी साताऱ्यात आठवी-नववीला गणित आणि नागरिकशास्त्र शिकवते. विधानसभेचं मतदान मुलांना चटकन कळतं. केंद्र असतं, रांग असते, आईच्या बोटाला शाई असते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत यातलं काहीच गावात दिसत नाही. २०२२ च्या जुलैत वर्गात प्रश्न आला, "मॅडम, मग आमच्या घरातलं मत कुठं गेलं?" व्याख्या पाठ करून याचं उत्तर मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. मुलांच्या हातात आकडे आणि कागद द्यावे लागतात. तुम्ही घरी, शाळेत कसं समजावलंत, मुलांनी काय विचारलं, ते इथं लिहा. सुरुवात मी करते.

राष्ट्रपतींना मत आपण निवडलेले आमदार आणि खासदार देतात, आणि प्रत्येकाच्या मताला ठरलेलं वजन असतं; त्याला मतमूल्य म्हणतात. ते काढायला फळ्यावर १९७१ च्या जनगणनेतली महाराष्ट्राची लोकसंख्या लिहिली: ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनी भागलं, मग १,००० ने. उत्तर आलं १७५. हे आपल्या एका आमदाराचं मतमूल्य. सातारा जिल्ह्यात फलटणपासून पाटणपर्यंत ८ मतदारसंघ, म्हणजे १,४००. सांगलीतही ८ च, तिथंही १,४००. २०२२ मध्ये एका खासदाराचं मतमूल्य ७०० होतं, म्हणजे जिल्ह्याचे आठ आमदार मिळून दोन खासदारांइतके. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८ आणि सिक्कीमच्या आमदाराचं फक्त ७, हे ऐकल्यावर वर्गात गलका झाला. लोकसंख्येनं तो शांत केला. पण १९७१ च का? ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचं वजन घटू नये म्हणून तो आकडा गोठवला आहे. यावर एका मुलीनं हिशोब उलटा मांडला: "एका आमदारामागे पावणेदोन लाख माणसं. त्यात माझे आजी-आजोबा आहेत. बाबा नाहीत, ते तेव्हा जन्मलेच नव्हते." त्या दिवशीचा तास मधली सुट्टी संपेपर्यंत चालला.

विट्याजवळची जिल्हा परिषद शाळा, शिक्षक

मॅडम, आकडे छानच. आम्ही राष्ट्रपतींच्या निवडणुकीतला पसंतीक्रम शिकवायला सहल घेतली. सातवीच्या पोरांना तीन ठिकाणं दिली: सागरेश्वर, चांदोली, औदुंबर. चिठ्ठीवर १, २, ३ असे आकडे टाकायचे. मतं ४१, जिंकायला २१ हवीत. पहिल्या पसंतीत सागरेश्वर १७, चांदोली १५, औदुंबर ९. कुणालाच निम्म्याहून जास्त नाहीत. मग औदुंबर बाद केलं आणि त्या ९ चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती पाहिली. ७ चांदोलीला, २ सागरेश्वरला. चांदोली २२, सागरेश्वर १९.

सागरेश्वरवाले उसळले. "गुरुजी, आम्ही पुढं होतो की!" मी उत्तर दिलं नाही, औदुंबरवाल्यांना उभं केलं. त्यातली एक पोरगी म्हणाली, "आमचं ठिकाण गेलं, पण आमचं मत तर वाया गेलं नाही ना?" राष्ट्रपतीपदाची पद्धत तिनं एका वाक्यात सांगितली. मग १९६९ ची गोष्ट सांगितली. व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि आपले सी. डी. देशमुख अशी लढत होती. पहिल्या पसंतीत कुणीच निम्म्याच्या पुढं गेलं नाही, दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली आणि गिरी निवडून आले. सहल चांदोलीलाच गेली. जिंकलेलं ठिकाण गुरुजींनी बदललं असतं तर पुढच्या निवडणुकीवर पोरांनी विश्वास ठेवला नसता, म्हणून लांब पडत असूनही नेली.

मिरज, पालक

माझी लेक तिसरीत. तिला आवडला तो पेन. खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी, आणि आकडे लिहायला निवडणूक आयोगानं दिलेला जांभळ्या शाईचाच पेन. "स्वतःचा पेन का नाही चालत?" वेगळ्या शाईवरून कुणी कुणाला मत दिलं ते ओळखता येईल म्हणून. हे कळल्यापासून ती घरात काही ठरवायचं असलं की सगळ्यांना एकच पेन देते, आणि चिठ्ठी लिहिताना बाबांनी सुद्धा डोकावायचं नाही.

औंध, निवृत्त मुख्याध्यापक

नातवानं मला विचारलं, "आबा, राष्ट्रपती म्हणजे राजाच ना? एवढ्या मोठ्या वाड्यात राहतात." त्याला मी यमाईच्या डोंगरावर, संग्रहालयात घेऊन गेलो. सगळीकडं चित्रं, शिल्पं. हे सगळं जमवलं ते भवानराव पंतप्रतिनिधींनी, औंधच्या राजानं. आणि त्याच राजानं १९३९ मध्ये नवी राज्यघटना देऊन आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. गांधीजींचा तीत सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन हे पोलिश गृहस्थ मदतीला होते. देश तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता!

माझ्या दृष्टीनं मोलाची गोष्ट पुढंच आहे. औंधात लोकांनी गावाची पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची समिती आणि तिथून प्रतिनिधी संस्थानच्या सभेत. म्हणजे मत गावात दिलं तरी ते पायऱ्या चढत वर जायचं. नातवाला म्हटलं, राष्ट्रपतींचं तसंच आहे. मी आमदार आणि खासदार निवडतो, ते राष्ट्रपती निवडतात. आपल्या माणदेशातल्या पोरांना हे शिकवायला दिल्लीपासून सुरुवात करू नका. आटपाडीही औंध संस्थानातच होती.

कोरेगाव तालुका, शेतकरी

आबा, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. माझा पोरगा नववीत. आमच्या गावात सरपंच थेट लोकांतून निवडला. त्यानं मला धरलंच, "सरपंच आपण निवडतो, मग राष्ट्रपती का नाही?" प्रश्न रास्त आहे. आपल्याच राज्यात २०१७ ला थेट सरपंच आला, २०२० ला ती पद्धत गेली, २०२२ ला परत आली. म्हणजे मोठ्यांचंही यावर एकमत नाही.

मी त्याला गावातलंच दाखवलं. सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्याचं असलं की ठराव कसे अडकतात ते त्यानं ग्रामसभेला बघितलंय. देशाचा कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ चालवतं. राष्ट्रपती सगळ्या देशानं थेट निवडले तर "मलाही लोकांनी निवडलंय" म्हणणारं दुसरं सत्ताकेंद्र तयार होईल. घटना समितीतही याच मुद्द्यावर चर्चा झाली होती. पोराला अजून पूर्ण पटलेलं नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही, तो वाद घालायला दाखले शोधतोय.

कराड, शिक्षिका

आमच्या शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीत एका उमेदवारानं चॉकलेटं वाटली. मुलांनी मागणी केली, आचारसंहिता हवी. ती त्यांनीच लिहिली: वाटप नाही, धमकी नाही, कुणाला मत दिलं ते विचारायचं नाही. मग सांगितलं की राष्ट्रपतींच्या निवडणुकीत पक्षाला व्हिप, म्हणजे अमक्यालाच मत द्या असा आदेश, काढता येत नाही. "म्हणजे मॉनिटरनं सांगितलं तरी वेगळं मत देता येतं?" येतं. काही चेहरे एकदम खुलले.

सांगली, बारावीची विद्यार्थिनी

इथं सगळे शिकवणारेच लिहीत आहेत, म्हणून शिकणाऱ्यांकडून एक. १७ पूर्ण झाल्यावर मतदार यादीसाठी आगाऊ अर्ज करता येतो हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, मावशीनं सांगितलं. नमुना ६ भरला. मुलांना राष्ट्रपती शिकवता तेव्हा हा अर्जही दाखवा. आणि साताऱ्याच्या मॅडमना एक प्रश्न: हे १७५ कायम राहणार का?

धागाकर्ती

नाही. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ ची लोकसंख्या धरायची, अशी तरतूद आहे. २०२७ च्या निवडणुकीआधी ते आकडे आले नाहीत तर भागाकार हाच राहील. नंतर लोकसंख्या बदलेल, कदाचित आमदारांची संख्याही. तेव्हा फळ्यावर दोन्ही हिशोब शेजारी मांडायचा माझा बेत आहे. नमुना ६ ची प्रत उद्याच वर्गात लावते.