मदत हवी आहे : ब्लोअरचा स्विच आणि त्यामागची वायर तापते, स्विच बदलूनही फरक नाही (सोलापूर)

नमस्कार. मोटारीच्या वायरिंगची जाण असलेल्या मंडळींकडून मार्गदर्शन हवे आहे.

माझ्याकडे जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. एसी कारखान्यातूनच बसवून आलेला आहे आणि ब्लोअरचा वेग कमी-जास्त करण्यासाठी डॅशबोर्डवर चार टप्प्यांचा फिरवायचा स्विच आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे असतो, त्यामुळे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत दिवसभर उन्हात उभी राहिलेली गाडी घेऊन जुळे सोलापूरला परतताना ब्लोअर चौथ्या टप्प्यावर ठेवल्याशिवाय गाडीत बसवत नाही. असा तो काही वेळ चालला की स्विचची मूठ बोटांना गरम लागते आणि पाठोपाठ प्लास्टिक करपल्याचा वास येऊ लागतो. पहिल्या दोन टप्प्यांवर मात्र ब्लोअर कितीही वेळ चालला तरी वास येत नाही.

बॅटरीची वायर सोडवून मी स्विच बाहेर काढून पाहिला. मागचा कनेक्टर मूळचा पांढरा आहे, पण त्यातल्या एकाच पिनेभोवती तपकिरी चंद्रकोर उमटली आहे आणि तिथले प्लास्टिक किंचित फुगले आहे. त्या पिनेला जोडलेली जाड काळी वायर बोटभर लांबीपर्यंत कडक झाली असून वाकवताच तिच्या आवरणाला तडे जातात. त्याच्या पुढे तीच वायर पहिल्यासारखी मऊ आहे. शेजारच्या पिना आणि वायरी स्वच्छ आहेत.

आमच्या भागातल्या वायरमनदादांनी स्विच बदलून दिला होता. त्यांचा हात चांगला आहे आणि त्यांनी काम मनापासून केले, पण पुढच्या उन्हाळ्यात नव्या स्विचचीही तीच गत झाली. त्यांनी मीटर लावून सर्व वायरींची कंटिन्युइटी (वायर कुठे तुटलेली नाही ना, हे) तपासली, सगळीकडे मीटर वाजला, तेव्हा वायरिंग ठीक असून स्विचच हलका निघाला असा निष्कर्ष त्यांनी काढला. दुसऱ्या एका ठिकाणी तर २० अँपिअरचा पिवळा फ्यूज काढून ३० अँपिअरचा हिरवा टाकण्याचा सल्ला मिळाला. तो मी मानला नाही, कारण मुळात फ्यूज एकदाही उडालेला नाही.

माझा प्रश्न नेमका इथेच आहे. प्लास्टिक वितळण्याइतकी उष्णता निर्माण होत असताना फ्यूज का उडत नाही? आणि दोष स्विचमध्ये आहे, कनेक्टरमध्ये आहे की ब्लोअरच्या मोटरमध्ये, हे आणखी एक स्विच विकत घेण्याआधी कसे ठरवावे? गाडीत माझ्यासोबत वयस्कर आई असते. डॅशबोर्डच्या आत ठिणगी पडण्याची शक्यता डोक्यात ठेवून तिला तुळजापूरला घेऊन जाण्याची माझी तयारी नाही. माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. काय मोजावे आणि कसे मोजावे, हे कोणी सविस्तर सांगितले तर फार उपकार होतील.

प्रतिसाद

आपण वर्णन व्यवस्थित केले आहे आणि त्यातच अर्धे उत्तर आहे. वायर प्रमाणाबाहेरच्या करंटने तापते तेव्हा ती सर्व लांबीभर तापते. आपली वायर फक्त पिनेजवळ कडक झाली आहे आणि पुढे मऊ आहे, म्हणजे उष्णता वायरीत नव्हे तर त्या सांध्यात तयार होऊन वायरीत शिरते आहे.

फ्यूज किती करंट वाहतो एवढेच जाणतो. वाटेत एखादा सांधा किती तापला आहे हे त्याला कळत नाही. सैल किंवा काळवंडलेल्या पिनेचा रोध वाढला की करंट उलट थोडा घटतोच, त्यामुळे फ्यूजच्या दृष्टीने सर्व आलबेल असते. उदाहरणादाखल त्या पिनेचा रोध ०.०५ ओहम धरा. १८ अँपिअर करंटला तिथे ०.९ व्होल्ट पडतात आणि साधारण १६ वॅट उष्णता तयार होते. लहान सोल्डरिंग आयर्नची शक्ती एवढीच असते आणि इथे ती एका पिनेच्या टोकाशी प्लास्टिकच्या घरात कोंडलेली आहे. फ्यूज मोठा केल्याने हे थांबणार नाही; उद्या खरोखर शॉर्ट झाला तर मात्र वायर जळेल आणि फ्यूज शाबूत राहील. आपण तो बदलू दिला नाहीत हे फार बरे झाले.

कंटिन्युइटीच्या तपासणीतून हा दोष सापडत नाही. मीटरच्या स्वतःच्या प्रोबांचाच रोध याहून जास्त असतो आणि त्या वेळी सांध्यातून करंटही नगण्य वाहतो. तपासणी भार चालू असतानाच करावी. इंजिन सुरू ठेवा, ब्लोअर चौथ्या टप्प्यावर ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर लावा आणि कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक पिना सरकवून काळ्या वायरीचा धातू आणि स्विचची आतली पट्टी यांच्यामधला व्होल्टेज पाहा. मग तीच काळी वायर आणि गाडीच्या बॉडीचा स्वच्छ धातू यांच्यामधला पाहा. एका चांगल्या सांध्यावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नये. पहिला आकडा मोठा आला तर दोष पिनेत आहे, दुसरा मोठा आला तर अर्थिंगमध्ये.

चौथ्या टप्प्यावरच वास का येतो, याचेही कारण आहे. खालच्या टप्प्यांवर करंट हवेच्या मार्गात बसवलेल्या रेझिस्टरमधून येतो आणि त्यामुळे मर्यादित राहतो. चौथ्या टप्प्यावर रेझिस्टर वगळला जातो आणि मोटरचा पूर्ण करंट स्विचमधून जातो. काळी वायर अर्थची असेल तर प्रत्येक टप्प्याचा करंट तिच्याच पिनेतून जातो, म्हणून तीच आधी करपते.

मोटर किती करंट घेते हेही मोजून घ्या, पण ते आपल्या मल्टिमीटरने करू नका. साध्या मीटरची मर्यादा बहुधा १० अँपिअर असते. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) लागेल. घरगुती वायरिंगवाल्यांकडचे पुष्कळसे क्लॅम्प फक्त एसी मोजतात, तेव्हा मागून आणण्याआधी विचारून घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे वायरमनदादांना सोबत घेऊनच मोजमाप केले. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असताना काळ्या वायरीच्या पिनेवर ०.८ व्होल्ट पडत होते, तर वायरीपासून बॉडीपर्यंत जेमतेम ०.०६. म्हणजे अर्थिंग चांगले आहे. आकडा डोळ्यांनी पाहिल्यावर दादांनाही पटले आणि नवीन स्विच जुन्याच करपलेल्या कनेक्टरमध्ये बसवला गेला होता हे त्यांच्या लक्षात आले. त्या कनेक्टरमधली पितळी पकड तापून ढिली पडली आहे, तिच्यात नवी पिन अलगद आत-बाहेर होते.

क्लॅम्प मीटर एका ओळखीच्या कारखान्यातून मिळाला. चौथ्या टप्प्यावर मोटर १८ अँपिअरच्या आसपास करंट घेत होती. ब्लोअर खाली उतरवला तेव्हा पंख्याच्या जाळीत कडुनिंबाची वाळलेली पाने आणि धूळ सापडली, आणि मोटरचा शाफ्ट हाताने फिरवताना अडखळत होता. पाने काढून, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची बाही) साफ करून तेल दिल्यावर तोच करंट १३ वर आला. आता कनेक्टर नवा घालायचा आहे. दादा म्हणतात की चौथ्या टप्प्यासाठी रिलेही (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच) टाकून घेऊ. तो कसा जोडावा आणि घालणे आवश्यक आहे का?

प्रतिसाद

कनेक्टर नवा आणि मोटर १३ अँपिअरवर असेल तर रिलेशिवायही गाडी चालेल, परंतु सोलापूरच्या उन्हाळ्यात चौथा टप्पाच जास्त वापरला जाणार असल्याने मी रिले घालण्याच्या बाजूने आहे. आपल्या गाडीत स्विच अर्थच्या बाजूला आहे असे मोजमापावरून दिसते, म्हणून चौथ्या टप्प्याची जी वायर स्विचमधून मोटरच्या ऋण टोकाकडे जाते ती मध्ये तोडावी आणि तिचे स्विचकडचे टोक रिलेच्या ८५ क्रमांकाच्या पिनेला द्यावे. ८६ ला चावी फिरवल्यावर येणारा प्लस लहान फ्यूजमधून द्यावा, मोटरकडचे टोक ३० ला आणि ८७ वरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर थेट बॉडीला जोडावी. चौथ्या टप्प्यावर स्विचमधून मग फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जाईल आणि तो एक अँपिअरच्या पाचव्या भागाइतकाही नसतो. मूळचा २० अँपिअरचा फ्यूज तसाच ठेवावा.

दोन गोष्टींवर दादांकडे आग्रह धरा. कडक झालेली वायर मऊ आणि चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापावी, कारण काळवंडलेल्या तारांवर थिंबल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायचे धातूचे टोपण) दाबले तर तोच रोध पुन्हा सांध्यात येतो. आणि वायरी पीळ मारून टेपने गुंडाळू देऊ नका. डॅशबोर्डच्या आतल्या उष्णतेत टेपचा गोंद पाघळतो. थिंबल योग्य पकडीने दाबून त्यावर हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी) चढवावी, बॉडीवर अर्थ घेताना त्या जागेचा रंग खरवडून बोल्ट आवळावा, आणि सर्व झाल्यावर चौथ्या टप्प्यावर अर्धा तास ब्लोअर चालवून पिनेवरचा व्होल्टेज पुन्हा एकदा मोजावा.